हार्डवेअरच्या काउंटरवरचे गिऱ्हाईक

तालुक्याच्या गावातल्या बेताच्या हार्डवेअर दुकानातही काही हजार प्रकारचा माल असतो, आणि त्यातला बहुतेक गिऱ्हाइकाच्या नजरेआड असतो. किराणा दुकानात तूरडाळ मागणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे ते पक्के ठाऊक असते. इथे तसे नाही. घरगुती गिऱ्हाईक पुष्कळदा वस्तूचे नाव न घेताच येते. त्याच्याजवळ असते ती तक्रार: नळ गळतो, दार फुगले आहे, कडी बसत नाही, टाकी भरून वाहते. ही तक्रार ऐकून तिच्यावरून नेमक्या मापाची, नेमक्या धातूची, नेमक्या आट्यांची वस्तू काढून देणे हे काउंटरवरचे खरे काम आहे. पैसे मात्र वस्तूचे मिळतात, या कामाचे नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात येणारे बरेवाईट अनुभव तपासले, तर त्यातले निम्मेअधिक या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

दुकानाची मांडणीही त्याच कामाला धरून असते. बाहेर फुटपाथवर घमेली, फावडी, दोरांची वेटोळी, पाण्याच्या पाइपांचे गठ्ठे. आत लांबलचक काउंटर आणि त्यामागे छतापर्यंत खण. जुन्या दुकानांतून लाकडी खणांच्या दर्शनी बाजूला आतल्या मालाचा एकेक नमुना तारेने बांधलेला दिसतो. कुठे तीन इंची बिजागरी, कुठे पितळी हूक, कुठे खिडकीचा आकडा. नाव माहीत नसलेल्या गिऱ्हाइकाची निम्मी अडचण तिथेच संपते. बोट दाखवून ‘तो, त्याच्या खालचा’ म्हटले की भागते. मॉलसारखी स्वतः हिंडून माल उचलण्याची पद्धत या धंद्यात म्हणावी तशी रुजली नाही. माल बारीक, सुटा आणि एकमेकांसारखा दिसणारा. दोन एल्बो शेजारी ठेवले तर एक पाण्यात वर्षानुवर्षे टिकेल आणि दुसरा मुळात बसणारच नाही, हे पाहून कळत नाही.

महाराष्ट्रात या व्यापारात बोहरी, कच्छी आणि मारवाडी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्लंबिंग किंवा बांधकामाची कंत्राटे घेता घेता स्वतःचे दुकान थाटलेले मराठी तरुणही आता जागोजागी आढळतात. माल येतो मुंबईच्या नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळीतून, पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, आणि त्याही मागे अलिगढची कुलपे, जामनगरचे पितळी भाग, जालंधर-लुधियाना आणि नागौरची हत्यारे अशी साखळी असते. ‘आज नाही, परवा गाडी येईल तेव्हा मिळेल’ या उत्तरामागे ही सगळी वाट असते.

घोटाळ्याचे पहिले कारण म्हणजे माप. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून देशात मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. हार्डवेअरच्या काउंटरवर ती अजून पुरती पोचलेली नाही. तिथे इंच, सूत, मिलिमीटर, गेज आणि नुसता ‘नंबर’ अशी पाच मापे एकाच वेळी नांदतात, आणि कारागीर त्यांतून लीलया ये-जा करतो. अडकते ते नवखे गिऱ्हाईक.

अर्ध्या इंचाचेच पाहावे. घरातल्या साध्या नळाला अर्धा इंची म्हणतात. त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास टेपने मोजला तर जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. पाऊण इंची जोडाच्या आट्यांचा व्यास २६ मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे पुरा इंच ओलांडलेला. त्यामुळे घरी नीट मोजून, कागदावर लिहून आलेले गिऱ्हाईक हमखास एक माप मोठे मागते. दुकानदार ‘अर्धाच असणार’ म्हणतो. गिऱ्हाइकाला वाटते, आपण मोजले त्यावर याचा विश्वास नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पाइपाचे नाव जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीवरून पडले. पुढे पत्र्याची जाडी बदलली, बाहेरचा व्यास मात्र जोड बसावेत म्हणून तोच ठेवला गेला, आणि नाव पूर्वीचेच राहिले.

प्लॅस्टिकचे पाइप आल्यावर गुंता वाढला. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या अर्धा इंची पाइपाचा बाहेरचा व्यास लोखंडी पाइपाइतकाच, २१ मिलिमीटरच्या आसपास. गरम पाण्यासाठी वापरतात तो पिवळट सीपीव्हीसी पाइपही अर्धा इंचीच म्हणवतो, पण तो तांब्याच्या नळीच्या मापावर बेतलेला असल्याने बाहेरून जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. एकाचा एल्बो दुसऱ्याला लागत नाही आणि एकाचे सोल्युशन दुसऱ्याला चालत नाही. रंग बघून माल घेतला तर हे टळते. स्वस्त पडतो म्हणून गीझरच्या तोंडाला पांढरा पाइप जोडणाऱ्याला मात्र काही महिन्यांत परत यावे लागते. साठ अंशांच्या आसपासच्या पाण्याने यूपीव्हीसी मऊ पडतो, सीपीव्हीसी त्याहून बरेच तापमान सोसतो. दुकानदाराने विकण्याआधी ‘गरमला का थंडला?’ एवढे विचारले तर गिऱ्हाइकाचा पुढचा सगळा खर्च वाचतो. चांगले दुकान आणि नुसते दुकान यांतला फरक अशा एका प्रश्नाचा असतो.

शेतकरी गिऱ्हाइकाचे माप पुन्हा निराळे. शेतीच्या पीव्हीसी पाइपावर भारतीय मानकाप्रमाणे बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये छापलेला असतो: ६३, ७५, ९०, ११०. बोलताना त्यांचे दोन, अडीच, तीन आणि चार इंची होतात. पुढचा प्रश्न ‘किती केजीचा?’ पहिल्यांदा पाइप घ्यायला आलेला तरुण शेतकरी त्यावर गोंधळून पाइपाचे वजन किती असावे याचा अंदाज बांधू लागतो. विचारलेला असतो तो दाब, एका चौरस सेंटीमीटरला किती किलो. अडीच, चार, सहा, दहा असे त्याचे वर्ग. विहिरीवरून उंच रानात पाणी चढवायचे असेल तिथे चार केजीचा पाइप घातला तर तो मोटर सुरू होताच सांध्यावर किंवा मधेच फाटतो. सपाट रानात दहा केजीचा घालणे म्हणजे पैसे मातीत पुरणे. म्हणून जाणता दुकानदार आधी विहीर किती खोल, रान किती चढाला, मोटर किती हॉर्सपॉवरची, हे विचारून घेतो आणि मगच भाव सांगतो.

नंबरांची तऱ्हा तर खास आहे. तारेचा गेज वाढला की तार बारीक होते: आठ गेजची तार चार मिलिमीटर जाड, चौदा गेजची दोन. स्क्रूचा नंबर वाढला की स्क्रू जाड होतो: सहा नंबरी साडेतीन मिलिमीटरचा, आठ नंबरी सव्वाचारच्या जवळ. ‘पस्तीस बाय आठ’ म्हणजे पस्तीस मिलिमीटर लांब आणि आठ नंबर जाड. पॉलिश पेपरचा नंबर वाढला की कण बारीक होत जातात. ऐंशीचा रंग खरवडून काढतो, चारशेचा हाताला रेशमी लागतो. एकाच काउंटरवर, एकाच यादीत, तीन वस्तू आणि तीन उलटसुलट रीती. यात तर्क शोधायला जाऊ नये. ज्या त्या धंद्याने आपापली मोजणी आणली आणि ती सगळी एका छपराखाली आली, एवढेच.

सळईचे माप सुतात. इंचाचे आठ सूत, म्हणून तीन सुती म्हणजे दहा मिलिमीटर, चार सुती बारा, पाच सुती सोळा. सळई वजनावर विकली जाते आणि घर बांधणाऱ्याच्या खर्चात तिचा वाटा मोठा, त्यामुळे संशयही तिथेच जास्त. याची पडताळणी मिस्त्री लोक तोंडी करतात. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे किलोतले वजन येते. दहा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई या हिशेबाने सुमारे ७.४ किलो भरायला हवी. मानकात थोडीफार फरकाची मुभा आहे. सळई त्याहून हलकी निघाली तर ती कमी जाडीची आहे. नगावर सळई घेणाऱ्याने तर हे गणित केलेच पाहिजे, कारण नगावर घेतलेल्या हलक्या सळईत पैसे पूर्ण जातात आणि लोखंड कमी येते.

मापाचा घोळ सोडवण्याचा जुना आणि अजूनही सर्वांत चांगला उपाय म्हणजे नमुना. तुटलेला, गंजलेला, झिजलेला भाग काढून कागदात गुंडाळून न्यायचा आणि ‘अस्साच द्या’ म्हणायचे. हल्ली कागदाची जागा मोबाइलमधल्या फोटोने घेतली आहे. फोटोत वस्तू ओळखता येते, तिचे माप कळत नाही. शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवून फोटो काढलेला असेल तर दुकानदार खूश होतो. नमुना जवळ नसेल, तर मग प्रश्नोत्तरे. असला संवाद रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर होतो:

‘काका, नळाचा वायसर द्या.’

‘कुठला नळ? बेसिनचा का बाहेरचा?’

‘मोरीतला.’

‘दोन-तीन वेळा फिरवून बंद होतो, का अर्ध्या फिरकीत?’

‘अर्ध्या फिरकीत.’

‘मग त्यात वायसर नसतो, ताई. आतला स्पिंडल गेलाय. तो काढून आणा, दाते बघून देतो. आणि काढायच्या आधी वरचा कॉक बंद करा, नाहीतर घरभर पाणी होईल.’

या सहा वाक्यांत बरेच काही झाले आहे. जुन्या धाटणीच्या नळात रबराचा वायसर पाण्याचे तोंड दाबून धरतो. तो काही रुपयांना मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो. नव्या अर्ध्या फिरकीच्या नळात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात आणि पाणी सोडतात-अडवतात. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि वाळूचे कण चकत्यांमध्ये गेले की ओरखडे पडतात आणि नळ ठिबकू लागतो. स्पिंडलच्या डोक्यावर ज्या दात्यांत वरची मूठ बसते त्यांची संख्या आणि दांडीची लांबी कंपनीगणिक बदलते, म्हणून नमुन्याशिवाय दिलेला स्पिंडल बहुधा परत येतो. गिऱ्हाईक वायसरचे पैसे खर्चायला आले होते, खर्च त्याच्या कितीतरी पट सांगितला गेला. इथे कारण समजावले नाही तर ते ‘लुबाडतोय’ म्हणून पायरी उतरते. एका स्पिंडलच्या विक्रीत दुकानदाराला फार सुटत नाही. दहा मिनिटे मात्र जातात, आणि तेवढ्यात मागे तीन मिस्त्री यादी घेऊन उभे राहिलेले असतात.

रांग नावाची गोष्ट या दुकानात नसते, आणि घरगुती गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी तक्रार तीच. आधी आलेला बाजूला राहतो आणि नंतर आलेल्या प्लंबरला माल मिळतो. सकाळी आठ ते दहा या वेळात तर घरगुती माणसाकडे कोणी बघतही नाही, कारण त्या वेळी कामावर जाणाऱ्या कारागिरांची झुंबड असते आणि मजूर अंगावर बसून असतात. कारागिराची यादी वाचायला अर्धे मिनिट लागते: अर्धा एल्बो दहा, पाऊण टी चार, एमटीए सहा, सोल्युशन एक, टेप दोन. माणूस रोजचा, खरेदी मोठी, समजावण्याचे काम शून्य. त्याला आधी सोडणे धंद्याच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. तासभर उभ्या राहिलेल्या माणसाला साधे ‘दोन मिनिटं थांबा’ न म्हणणे समजण्यासारखे नाही. ज्यांना सल्ला हवा असतो त्यांनी दुपारी जावे. दोन-तीनच्या सुमारास काउंटर मोकळा असतो आणि त्याच दुकानदाराकडे खण उघडून चार प्रकारच्या कड्या दाखवायला सवड असते.

बायकांच्या वाट्याला येणारा अनुभव वेगळा लिहावा लागतो. बाईने पाइपाचे माप बरोबर सांगितले तरी ‘प्लंबरला फोन लावून द्या’ असे ऐकावे लागते, किंवा उत्तर तिच्याऐवजी सोबतच्या पुरुषाकडे बघून दिले जाते, मग तो पुरुष दहावीतला मुलगा का असेना. स्वयंपाकघरातले सिंक, मोरीतला नळ, कपाटाची बिजागरी रोज हाताळणारी आणि ती कुठून कुरकुरते हे नेमके सांगू शकणारी व्यक्ती घरात बहुधा तीच असते. तिचे ऐकून घेतले तर निदान लवकर होते. अनेक दुकानांत आता मालकाची सून किंवा मुलगी काउंटरवर बसते, आणि तिथे हा प्रकार कमी झालेला दिसतो.

मालक, मिस्त्री आणि दुकानदार हा त्रिकोण स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. घराचे काम निघाले की माल निवडतो मिस्त्री, पैसे देतो मालक. मिस्त्री म्हणेल त्या दुकानातून, म्हणेल त्या कंपनीचा माल येतो. काही दुकानदार कारागिराला खरेदीवर टक्केवारी देतात, हे उघड गुपित आहे. कंपन्यांची रीत त्याहून राजरोस. रंगाच्या डब्यात किंवा सुतारकामाच्या गोंदाच्या पॅकमध्ये कारागिरासाठी टोकन किंवा कूपन घातलेले असते आणि ते वटवून त्याला पैसे किंवा भेटवस्तू मिळते. स्वतः जाऊन रंग आणणाऱ्या घरमालकाकडे रंगारी संध्याकाळी टोकन मागतो, तेव्हा त्याला हा सगळा व्यवहार पहिल्यांदा कळतो. टोकनची किंमत शेवटी डब्याच्या किमतीतूनच निघते. तरीही हे सरसकट लुबाडणे म्हणता येणार नाही. मिस्त्रीच्या ओळखीवर उधारी मिळते, उरलेला माल परत घेतला जातो, रात्री आठला पाइप फुटला तर शटर अर्धे उघडून दिले जाते. मालकाने करायचे ते एवढेच की ‘मालकाच्या नावावर लिहा’ असे म्हणून नेलेल्या प्रत्येक मालाची चिठ्ठी त्याच दिवशी बघायची. काम संपल्यावर वही उघडली की दोन जादा गेट व्हॉल्व्ह कुणी नेले यावर तिघांचे एकमत कधीच होत नाही.

भाव हा दुसरा वादाचा मुद्दा. नळ, शॉवर, कुलूप अशा पॅकबंद मालावर एमआरपी छापलेली असते. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे तीत सगळे कर धरलेले असतात, आणि उत्पादकाचे नाव, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हेही छापावे लागते. प्रत्यक्षात नळांच्या छापील किमती मुळातच फुगवलेल्या असतात आणि विक्री ‘लिस्टवर इतके टक्के कमी’ अशी होते. ही वजावट माणूस पाहून ठरते. कंत्राटदाराला एक, मिस्त्रीला दुसरी, घरगुती गिऱ्हाइकाला तिसरी. विचारले तर वाढते, म्हणून विचारावे. सुट्या मालाला छापील किंमतच नसते. खिळे किलोवर, दोर किलोवर, जाळी फुटावर, साखळी दोन्हींवर. वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो, तो गिऱ्हाइकाला मागून बघता येतो; बघणारे गिऱ्हाईक मात्र विरळा.

सुट्या विक्रीत दुकानाची दानतही दिसते. स्क्रूचे खोके शंभराचे, गिऱ्हाइकाला हवे चार. चार स्क्रूंचे पैसे काय सांगावेत हा प्रश्नच असतो. ओळखीच्या माणसाला ‘राहू द्या’ म्हणून ते हातावर ठेवले जातात. उलट बाजूला, दोन फूट पाइप हवा असताना दहा फुटी पूर्ण नळी गळ्यात मारणारी दुकानेही आहेत. तुकडे ठेवणारे दुकान शोधावे. ऑनलाइन खरेदीत ही सोय मुळातच नाही. तिथे दहाचे पाकीट घ्यावे लागते आणि नऊ नग पुढची वर्षे खणात पडून राहतात. तयार पेटीबंद वस्तू, ड्रिल मशीन, हत्यारांचा संच यांसाठी लोक मोबाइलवरचा भाव दाखवून घासाघीस करतात आणि दुकानदाराला पुष्कळदा खाली यावे लागते. वायसर, निपल, बुश यांच्या बाबतीत कुणी मोबाइल काढत नाही.

बिलाचा प्रश्न याला लागूनच येतो. ‘पक्कं बिल हवं का? मग जीएसटी पडेल,’ हे वाक्य ऐकले नाही असे गिऱ्हाईक नसेल. हार्डवेअरच्या बहुतेक मालावर १८ टक्के कर आहे. सिमेंटवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. फावडे, कुदळ, विळा अशी शेतीची हात-अवजारे करमुक्त आहेत, त्यामुळे त्यांच्या बिलावर कर लावलेला दिसला तर तो काढायला सांगावा. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालात तेवढे पैसे वाचल्यासारखे वाटतात. पुढे मोटर जळली किंवा मिक्सर नळ गळू लागला की वॉरंटीसाठी कंपनी बिल मागते, तेव्हा त्या चिठ्ठीचा उपयोग होत नाही.

माल खरा की खोटा हे ओळखण्याच्या गिऱ्हाइकांच्या काही ठरलेल्या युक्त्या आहेत आणि त्यांतल्या काही चुकीच्या आहेत. सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे लोहचुंबक. स्टीलची बिजागरी घेताना चुंबक लावायचे, चिकटले नाही की माल अस्सल. हे फक्त अर्धे खरे आहे. चुंबकाने लोखंड किंवा हलक्या जातीचे चुंबकी स्टील पकडता येते. पण बाजारात स्वस्त म्हणून खपणारे २०२ जातीचे स्टील आणि महाग ३०४ जातीचे, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. फरक निकेलचा: ३०४ मध्ये ते सुमारे आठ टक्के असते, २०२ मध्ये त्याहून कमी, आणि त्याची भरपाई मँगनीजने केलेली असते. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेत २०२ बरीच वर्षे टिकते. मालवण, मुरुड, अलिबागकडे खाऱ्या वाऱ्यात तिच्यावर दोन-तीन पावसाळ्यांत तांबूस ठिपके उठतात. म्हणून कोकणातली जुनी माणसे अजून पितळी बिजागरीच मागतात, आणि बरोबर मागतात. वायर, पाइप, पाण्याची टाकी यांवर आयएसआय खूण असते. तिच्याजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खूण खरी की नुसती छापलेली हे पडताळता येते. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या वर्षातल्या कितव्या आठवड्यात ते भरले गेले हे छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने पोते, विशेषतः पावसाळ्यात ठेवलेले, घेऊ नये. कोपरे दाबून बघितले की आतली ढेकळे हाताला लागतात.

वर्षभरातली गर्दी ऋतूंप्रमाणे सरकते. मेच्या अखेरीस ताडपत्री, प्लॅस्टिकचा कागद, पत्र्याचे जे-हूक, गळतीवरचे डांबरी पदार्थ यांना अचानक मागणी येते, आणि दरवर्षी लोक पहिला पाऊस पडून गेल्यावरच येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतली हजारो छपरे उडवली, तेव्हा पावसाळा तोंडावर होता आणि एका रात्रीत अख्ख्या जिल्ह्याला पत्रे हवे झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुराचे पाणी दुकानांतही शिरले. पूर ओसरल्यावर लोकांना फावडी, घमेली, खराटे आणि वायरी लागत होत्या, आणि विकणाऱ्याचा स्वतःचा माल चिखलात होता. बैलपोळ्याला शिंगांचे रंग, कासरे आणि म्होरक्या घ्यायला शेतकरी येतात; ऊसतोडीच्या तोंडावर कोयते. दसरा-दिवाळीला रंगाचा हंगाम. आता बऱ्याच दुकानांत रंग मिसळण्याचे यंत्र असते. पांढऱ्या बेसमध्ये ठरलेल्या प्रमाणात रंगद्रव्ये सोडून डबा हलवला की पुस्तिकेतली छटा तयार होते. पुस्तिकेतल्या बोटभर चौकोनात आवडलेली छटा चार भिंतींवर गडद वाटते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की जुने रंगारी एक पायरी फिकी छटा घ्यायला सांगतात. आधी एक लिटर करून भिंतीवर हात मारून बघावा. आणि डब्यावरचा छटेचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण रंग अर्ध्या भिंतीवर संपला तर अंदाजाने केलेला दुसरा डबा कधीच जुळत नाही.

मिसळून दिलेला रंग परत घेतला जात नाही, हे सगळ्यांनाच पटते. बाकीच्या मालाबद्दल मात्र प्रत्येक दुकानाचा अलिखित कायदा आहे. सोल्युशन न लागलेले जोड, न कापलेला पाइप, न उघडलेले पाकीट परत चालते. आट्यांवर पान्याचे ओरखडे दिसले की नाही. विजेचा माल सहसा नाही. पैसे परत देण्यापेक्षा त्या रकमेचा दुसरा माल देण्याकडे ओढा असतो. हे झाले चांगल्या स्थितीतल्या, नुसत्या उरलेल्या किंवा चुकीच्या मापाच्या मालाचे. तो परत घ्यायचा की नाही ही दुकानदाराची मर्जी.

सदोष माल ही निराळी बाब आहे आणि तिथे मर्जी चालत नाही. भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असली तरी २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तू परत घेऊन पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणे हीही त्याच यादीतली प्रथा आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत नेता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही.

चारशे रुपयांच्या कॉकसाठी आयोगापर्यंत फारसे कोणी जात नाही. बहुतेक प्रकरणे काउंटरवरच मिटतात: दुकानदार कॉक हातात घेतो, आटे बघतो, आत फुंकर मारून बघतो, प्लंबरने जास्त आवळला का ते विचारतो, आणि मग एकतर दुसरा काढून देतो किंवा ‘ठेवून जा, कंपनीचा माणूस येईल तेव्हा दाखवतो’ म्हणतो. कंपनीचा माणूस कधी येणार हे तेव्हाच विचारून चिठ्ठीवर तारीख लिहून घ्यावी.